पोहरादेवीहून थेट

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम जिल्ह्यातलं पोहरादेवी देशभर थेट दिसलं. पंतप्रधान नरेंद्र मोदी त्या दिवशी मानोरा तालुक्यातल्या या गावी आले. त्यांनी जगदंबा देवीचं दर्शन घेतलं, संत सेवालाल महाराज आणि संत रामराव महाराज यांच्या समाधीपुढे माथा टेकवला, बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन केलं आणि पीएम-किसानचा अठरावा हप्ता सोडला. सुमारे ९ कोटी ४० लाख शेतकऱ्यांच्या खात्यांत २० हजार कोटींच्या आसपास रक्कम. कृषी विज्ञान केंद्रांतून, सोसायट्यांतून, सेवा केंद्रांतून तो कार्यक्रम दाखवला गेला. असा सोहळा असला की प्रक्षेपणाची तयारी मोठी असते. उपग्रहाशी थेट बोलणारी गाडी, त्या दिवसापुरती ओढलेली वेगळी लाइन, जनरेटर, आणि प्रत्येक गोष्टीला जोडीला दुसरी.

रामनवमीला याच पोहरादेवीत यात्रा भरते. मराठवाड्यातून, तेलंगणातून, कर्नाटकातून बंजारा कुटुंबं येतात, जीप-टेम्पो-ट्रॅव्हल्सनी मानोऱ्याकडचे रस्ते भरून जातात. फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, पण भोग-भंडाऱ्याचा मिनिटभराचा व्हिडिओ घरी पाठवायला घ्यावा तर तो जाता जात नाही. घरून आलेला मेसेज मात्र पटकन पोचतो. बाहेरचं आत येतं, आतलं बाहेर जात नाही.

नीती आयोगाने २०१८ मध्ये विकासात मागे राहिलेले ‘आकांक्षित’ जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातले चार होते : गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशिम. अशा जिल्ह्यात नेट न्यायचं म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते गावात काहीतरी पोचवणं. हप्ता, हवामानाचा सल्ला, शाळेचा धडा, डॉक्टर. गावालाही जगाला काही दाखवायचं असतं, तेही त्याच घटकेला, याचा हिशेब कुणी मांडत नाही. तो मांडायला हवा. त्यासाठी लागणारं तंत्र तयार आहे, मोफत आहे, आणि तरीही ते आपल्या गावांपर्यंत अर्धंच पोचलं आहे.

थेटच कशाला हवं, दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग टाकलं तर काय बिघडतं, असं विचारणाऱ्याने ऊसतोडीचा हंगाम आठवावा. दिवाळी झाली की या भागातल्या तांड्यांमधून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या एखाद्या कारखान्याच्या फडात चार-पाच महिने जातात. १५ फेब्रुवारीची सेवालाल जयंती नेमकी या दिवसांत येते. घरी म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं, मिरवणूक तांड्यात, आणि घरातली कर्ती माणसं तीनशे-चारशे किलोमीटरवर खोपीत. फोनवर लाइव्ह लागलं तर ती त्या घटकेला तांड्यात असतात. दुसऱ्या दिवशीचं रेकॉर्डिंग हे झालेल्या गोष्टीचं चित्र आहे. ज्याला सणाला घरी थांबता येत नाही, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

हे लाइव्ह करणारी मुलं म्हणजे बहुतेक लग्नाचे शूटिंगवाले. २०२० मध्ये कोरोनाने लग्नं पन्नास माणसांत आणली, तेव्हा नातेवाइकांसाठी यूट्यूबवर लग्न लावण्याची सवय लागली ती राहिलीच. आज हरिनाम सप्ताहातलं काल्याचं कीर्तन, शंकरपट, कबड्डीचे सामने, रात्रीच्या क्रिकेट टुर्नामेंट, सगळं लाइव्ह असतं. मंडपाच्या कडेला एका टेबलावर त्यांचा संसार मांडलेला असतो. दोन कॅमेऱ्यांच्या वायरी, छोटा स्विचर, ध्वनिक्षेपकवाल्याच्या मिक्सरमधून घेतलेली आवाजाची लाइन, लॅपटॉपवर ओबीएस नावाचं मोफत सॉफ्टवेअर आणि नेटसाठी डोंगल. डोंगल टेबलावर नसतं. लांब वायर लावून ते बांबूच्या टोकाला चढवलेलं असतं, कारण मंडपाच्या पत्र्याखाली रेंज मरते आणि पंधरा फुटांवर थोडी जिवंत होते.

ओबीएसच्या खालच्या पट्टीत एक छोटा चौकोन असतो, त्याच्याशेजारी गळालेल्या फ्रेमांची टक्केवारी. चौकोन हिरवा आहे तोवर मुलगा चहा पितो. कीर्तनकार रंगात येतात, टाळकरी पुढे सरकतात, मंडपातली गर्दी वाढते, आणि लोक फोन काढून स्वतःचं शूटिंग सुरू करतात. चौकोन पिवळा होतो, मग लाल. गळती दोन टक्के, नऊ टक्के. मुलगा घाईघाईने बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायच्या माहितीचं माप, उतरवतो, पण चालू लाइव्हमध्ये ते सहज जमतंच असं नाही, अनेकदा लाइव्ह तोडून पुन्हा जोडावं लागतं. तोडलं की बघणारे निघून जातात. तोवर यूट्यूबखाली लिहून आलेलं असतं : आवाज येऊन राह्यला, चित्र अडकलं भाऊ.

यात मुलाची चूक नसते. मोबाइलचं जाळं मुळात खाली येणाऱ्या माहितीसाठी बांधलेलं आहे. टॉवर कित्येक वॉट ताकदीने बोलतो. फोर-जी फोनला किंवा डोंगलला मुभा असते साधारण २०० मिलिवॉटचीच. म्हणून टॉवरचं आपल्याला ऐकू येतं आणि काड्या भरतात, पण आपलं टॉवरला ऐकू जाईलच असं नाही. शिवाय फोर-जीच्या २३०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात पाठवणं आणि घेणं एकाच वाटेवर आळीपाळीने चालतं, आणि त्यातला बराच मोठा वाटा घेण्याला दिलेला असतो. लोक पाहतात जास्त, पाठवतात कमी, हा त्यामागचा हिशेब रोजच्या दिवशी बरोबरही आहे. यात्रेच्या दिवशी तो कोलमडतो. हजारो फोन एकाच वेळी त्या अरुंद वाट्यात घुसतात.

आता त्या वाटेने जायचं काय असतं ते पाहू. एचडी कॅमेऱ्यातून निघणारं कच्चं चित्र सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिट एवढं असतं. ते दाबून चाळीस लाख बिटांवर, म्हणजे चार मेगाबिटवर आणतात. साडेतीनशे पटींहून जास्त दाब. हे जमतं कारण पूर्ण चित्र साधारण दोन सेकंदांतून एकदाच पाठवतात आणि मधल्या वेळात फक्त बदललेला भाग जातो. बुवांचा हात हलला, तेवढा हात. या बचतीची किंमत अशी की मधला एक तुकडा हरवला तर पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत सगळं बिघडतं. चेहऱ्याचे चौकोन होतात, फेटा पखवाजावर ओघळतो. चार मेगाबिटचं चित्र १३१६ बाइटच्या पॅकेटांत भरलं तर सेकंदाला सुमारे ३८० पॅकेटं होतात. शंभरात एक हरवलं, तर दर सेकंदाला जवळपास चार. म्हणजे चित्र सतत कुठेतरी फाटलेलं.

इंटरनेटवर हरवलेलं परत मिळवण्याची जुनी रीत टीसीपी ही आहे. बँकेचा व्यवहार, ईमेल, वेबपान यांसाठी ती उत्तम. ती एकही तुकडा गाळत नाही आणि क्रम मोडत नाही. पण एक पॅकेट हरवलं की त्याच्यामागचं सगळं ते येईपर्यंत अडवून धरते, आणि हरवणं म्हणजे वाटेत गर्दी असं समजून वेगही उतरवते. गावाच्या टॉवरवर पॅकेट गर्दीशिवायही हरवतं, वाऱ्याने डोंगल हललं तरी. यूट्यूबला लाइव्ह पाठवण्याची सर्रास वापरातली आरटीएमपी ही पद्धत याच टीसीपीवर चालते. लॅपटॉपमध्ये चित्रांची रांग तुंबते, रांग भरली की ओबीएस फ्रेमा फेकून देतं, आणि चौकोन लाल होतो.

हे दुखणं इंटरनेटइतकंच जुनं आहे. १९७०च्या दशकात अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरून आवाज पाठवण्याचे प्रयोग डॅनी कोहेन करत होते. उशिरा आलेला शब्द संभाषणात निरुपयोगी असतो, त्यासाठी मागचे शब्द अडवून ठेवू नका, हा त्यांचा आग्रह होता. अशा आग्रहातून टीसीपीला समांतर एक साधी वाट निघाली. डेव्हिड रीड यांची ती रचना म्हणजे यूडीपी. ऑगस्ट १९८०मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा दस्तऐवज तीन पानांचा आहे. यूडीपी पॅकेट सोडतं आणि विसरतं. पोचलं तर पोचलं. थेट चित्रासाठी एक रीत फार कडक आणि दुसरी फार सैल, अशी ही अडचण कित्येक वर्षं राहिली.

मधली वाट समजायला बंजाऱ्यांची लदेणी आठवावी. मीठ-धान्याच्या गोण्या लादून शेकडो बैलांचे तांडे देश पालथा घालत. समजा प्रत्येक गोणीवर आकडा घातला आहे आणि मुक्कामावर एक माणूस आकडे तपासत बसला आहे. एखादा आकडा चुकला की तो फक्त त्या गोणीसाठी उलट निरोप धाडतो, बाकीचा तांडा चालत राहतो. मूळ ठिकाणी प्रत्येक गोणीची जोड थोडा वेळ राखून ठेवलेली असते, ती लगेच निघते. आणि बाजार उघडायची वेळ ठरलेली आहे. तोवर जेवढा माल जमला तो क्रमाने लावून विकायचा, त्यानंतर आलेल्या गोणीची वाट पाहायची नाही.

एसआरटी नावाची पद्धत हेच करते. तिचं वागणं एका पॅकेटवर पाहू. गावातून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला ९० मिलिसेकंद लागतात आणि दोन्ही टोकांनी ठरवलं आहे की चित्र एक सेकंद रोखून मग पुढे सोडायचं. ४१२७ क्रमांकाचं पॅकेट टॉवरपाशी हरवलं. मुंबईला ४१२६च्या मागून ४१२८ आलं, तत्क्षणी तिकडून निरोप सुटला : ४१२७ नाही. गावातल्या लॅपटॉपने आपल्या साठ्यातून तेच पुन्हा पाठवलं. हरवल्याचं कळल्यापासून जेमतेम शंभर मिलिसेकंदांत ते जागेवर बसलं. तेही हरवलं असतं तरी पुन्हा मागायला वेळ होता, आणि पुन्हा. एका सेकंदात असे आठ-दहा प्रयत्न बसतात. टॉवर अर्धा सेकंद मुका झाला तरी बघणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. दोन सेकंद मुका झाला तर मात्र ज्याची वेळ टळली तेवढं चित्र गेलं. ते सोडून द्यायचं आणि पुढचं धरायचं. थेट चित्राचा भरवसा विकत घ्यायचा तर तो उशीर देऊनच घ्यावा लागतो. किती उशीर द्यायचा हे आपण ठरवायचं, नेटवर सोपवायचं नाही.

ही पद्धत मॉन्ट्रियलच्या हायव्हिजन कंपनीने घडवली. तिच्या पोटात शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठात युनहाँग गू यांनी प्रचंड वैज्ञानिक माहिती हलवण्यासाठी केलेलं यूडीटी हे काम होतं. एप्रिल २०१७मध्ये हायव्हिजनने एसआरटीचा सगळा कोड खुला केला. २०२०पासून ती ओबीएसमध्ये आहे. मला या घटनेचं मोल फार वाटतं. तोवर असा भरवसा महागड्या पेट्यांत बंद होता. उपग्रहाच्या गाडीला सरकारी परवानगी लागते, ती मंगरूळपीरच्या शूटिंगवाल्याला मिळण्यातली नाही आणि परवडण्यातलीही नाही. २०१७नंतर त्याच्या लॅपटॉपवर चालणारं तंत्र आणि मोठ्या वाहिन्यांचं तंत्र यांत या एका बाबतीत भिंत राहिली नाही.

तरी वाशिमकडचं बहुतेक लाइव्ह आजही आरटीएमपीवरच जातं. यूट्यूबचा नेहमीचा दरवाजा आरटीएमपीचा आहे. एसआरटी वापरायची तर मध्ये, मुंबईत, स्वतःचा एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो. गाव ते मुंबई एसआरटी, आणि मुंबई ते यूट्यूब आरटीएमपी. मुंबईतून पुढे वाट पक्की असते, खड्डे सगळे पहिल्या पल्ल्यात. हा सर्व्हर महिन्याला काही शे रुपयांत मिळतो, पण तो उभा कसा करायचा हे मराठीत नीट शिकवणारं फारसं कुणी नाही. दुसरी अडचण साधी आणि म्हणून जास्त चीड आणणारी. एसआरटीत उशिराचा आकडा कुणी बदलला नाही तर तो १२० मिलिसेकंद असतो. फायबरला ते पुरतं. नियम असा की हा आकडा जाण्यायेण्याच्या वेळेच्या निदान चौपट ठेवावा, आणि मोबाइल नेटवर त्याहून सढळ. सप्ताहाच्या मंडपात दोन हजार मिलिसेकंद ठेवले तरी कुणाचं काही अडत नाही, कारण यूट्यूब स्वतःच त्यात बरेच सेकंद घालतं. एक आकडा न बदलल्यामुळे मुलं म्हणतात, एसआरटीही तसलीच निघाली, आणि आरटीएमपीकडे परततात. आयटीआयमध्ये नाहीतर एखाद्या महाविद्यालयात दोन दिवसांचा वर्ग घेतला तर जिल्ह्यातली ही मुलं तयार होतील. वायरमनला शिकवतो तसं हे शिकवण्याचं काम आहे.

आणखी एक उपाय लोकांनी ऐकलेला असतो : तीन कंपन्यांची तीन सिमं एकत्र बांधायची. इस्राएलच्या लाइव्हयू कंपनीने २००६पासून या धंद्यात नाव केलं. बातमीदाराच्या पाठीवरच्या पिशवीत असते ती अशी सिमं बांधणारी पेटी. चित्राची पॅकेटं वेगवेगळ्या सिमांवरून जातात, पलीकडे पुन्हा गोळा होतात. शहरात ती कमाल करते. खेड्यात तिच्यावर विसंबण्याआधी मान वर करून टॉवर पाहावा. तिन्ही कंपन्यांचे अँटेना बहुधा एकाच लोखंडी सांगाड्यावर लटकलेले असतात, खाली बॅटरी एक, वीज एक. लाइन गेली, बॅटरी उतरली, की तिन्ही सिमं एकदम मुकी होतात. दुसरी वाट तेव्हाच दुसरी, जेव्हा ती दुसऱ्या दिशेने जाते. एक सिम गावच्या टॉवरवर आणि दुसरं, दिशा साधलेल्या अँटेनाने, शेजारच्या गावच्या टॉवरवर, हा साधा जुगाड महागड्या पेटीहून जास्त कामी येतो.

थेट चित्राची गरज सणासमारंभांपुरती नाही. २६ एप्रिल २०२४ रोजी वाशिम जिल्ह्यात लोकसभेचं मतदान झालं. त्या निवडणुकीत किमान निम्म्या मतदान केंद्रांवरून वेबकास्टिंग करण्याचं निवडणूक आयोगाचं धोरण होतं. जून २०२५मध्ये आयोगाने, जिथे नेट आहे तिथल्या सर्व केंद्रांवरून ते करायचं ठरवलं. केंद्र म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली, जाड भिंती, पत्र्याचं छप्पर. तिथे लावलेल्या कॅमेऱ्याने सिमकार्डावरून चित्र पाठवायचं. इथे उशिराने काही बिघडत नाही, तीस सेकंद उशीरही चालेल. तुटलेला मधला भाग मात्र चालत नाही, कारण शंका नेमकी त्या भागाबद्दल घेतली जाते. म्हणून अशा कॅमेऱ्याने नेट गेल्यावर चित्र स्वतःजवळ साठवावं आणि नेट आल्यावर मागचं पाठवावं, ही अट निविदेत असलीच पाहिजे.

ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यकीय सेवेवर डॉक्टरशी बोलणाऱ्या बाईची गरज याच्या उलट आहे. तिथे दोन सेकंदांचा उशीर संभाषण मोडतो. एका बाजूचा उशीर दीडशे मिलिसेकंदांच्या आत राहावा, असं दूरसंचाराचा आंतरराष्ट्रीय दंडक सांगतो. तिथे साठा करून थांबायला वाव नाही. चित्र धूसर करायचं आणि आवाज वाचवायचा, एवढंच हातात उरतं. एकच गाव, एकच टॉवर, पण तीन कामांना उशिराची तीन वेगळी मापं लागतात.

जमिनीखालच्या वाटेचं काय? ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना २०११मध्ये सुरू झाली, २०१५मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळालं. गावोगावचा अनुभव ठाऊक आहे : रस्त्याचं काम निघालं, जेसीबीने केबल तोडली, आणि त्या फाट्यावरची पुढची सगळी गावं बंद. कारण केबल एका गावाहून दुसऱ्या गावाला अशी एकाच सरळ रेषेत गेलेली. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने सुमारे १ लाख ३९ हजार कोटींच्या सुधारित योजनेला मंजुरी दिली. तिच्यात ही रेषा वाकवून वर्तुळ करण्याची तरतूद आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने माहिती जावी. योजनेतली सगळ्यांत मोलाची गोष्ट मला ही वाटते. फायबरमध्ये वर जायलाही ऐसपैस जागा असते. ग्रामपंचायतीच्या कपाटातलं ते टोक सप्ताहाच्या मंडपापर्यंत, शाळेच्या मतदान केंद्रापर्यंत ओढायला शंभर-दोनशे मीटर वायर आणि एक परवानगी लागते.

नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र सरकारने उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम या दुर्गम भागांचा नावानिशी उल्लेख झाला. टीव्हीचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात, स्टारलिंकचे साधारण ५५० किलोमीटरवर, त्यामुळे जाण्यायेण्याचा वेळ फार कमी. टॉवरची बॅटरी, जेसीबी, दोन्हींची कटकट सुटते. पण या उपग्रहांशी जोडणी दर पंधरा सेकंदांनी नव्याने ठरवली जाते, आणि त्या सांध्यावर पॅकेटं गळू शकतात. वर पाठवण्याचा वेग इथेही खाली येण्याच्या वेगाहून बराच कमी असतो. म्हणजे छपरावर ताटली बसली तरी मंडपातल्या लॅपटॉपला साठा, क्रमांक आणि ठरवलेला उशीर लागणारच.

करार होतील, खांब उभे राहतील, तेव्हा प्रत्येक कागदावर डाउनलोडचा आकडा मोठ्या अक्षरात असेल. अपलोडचा आकडा मागून घ्यायला हवा, आणि तो गर्दीच्या दिवशीचा हवा. रामनवमीची तारीख वर्षभर आधी पंचांगात असते, सेवालाल जयंती तर दरवर्षी ठरलेली. त्या दिवसांसाठी पोहरादेवीला फिरता टॉवर आणि फायबरचं एक टोक जानेवारीतच मंजूर करता येतं. यात्रेच्या संध्याकाळी सात ते दहा, तिन्ही कंपन्यांच्या जाळ्यांवरून चार मेगाबिट सलग वर जातात का, किती पॅकेटं गळतात आणि टॉवर किती सेकंद मुका राहतो, हे मोजायला एक लॅपटॉप आणि तीन सिमकार्डं पुरतात. मोजायला माहीत असलेली मुलं मंडपाच्या कडेला टेबल मांडून बसलेलीच असतात. ते आकडे कंपनीवार जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लागावेत, आणि पुढच्या वर्षीच्या यात्रेची बैठक त्यांच्यावरून सुरू व्हावी.